गरम जॉब मापणारा इंजिनिअर

या आठवड्याचं पत्र कोल्हापूरच्या उद्यमनगरातून आलंय. थोडं आटोपशीर करून देते. (जॉब म्हणजे मशिनवर घडवायचा तुकडा, सेटर म्हणजे मशिन लावून देणारा कारागीर, बोअर म्हणजे तुकड्यातलं गोल भोक आणि पार्टी म्हणजे गिऱ्हाईक.)

«मॅडम, नमस्कार. माझं जॉबवर्कचं शॉप आहे. तीन लेथ, एक सीएनसी, चार माणसं. मी स्वतः नववी नापास. पोरगं मेकॅनिकल बी.ई. झालं, चार वर्षांत साडेचार लाख घातले. त्याला शिरोलीच्या एका कंपनीतनं १५ हजारांची ऑफर आली. माझा सेटर आयटीआय टर्नर, त्याला मी २८ हजार देतो. मग म्हटलं, आपल्याच शॉपवर ये. आला. दुसऱ्या आठवड्यात बेअरिंग हाऊसिंगची बोअर मापून ओके म्हणाला आणि माल पाठवला. अकरा नग पार्टीकडनं परत आले, बेअरिंगच जाईना. सेटर सगळ्यांच्या देखत म्हणाला, ‘इंजिनिअर साहेब, गरम जॉब मापला व्हय?’ तेव्हापासनं पोरगं शॉपची पायरी चढत नाही. आता पुण्याला जाऊन एमपीएससी करतो म्हणतंय. मंडळी म्हणतात जाऊ दे. पाहुणे विचारतात, इंजिनिअर पोरगा घरात कसा? माझं विचारणं एकच, शिकवून चूक केली काय? आयटीआयला घातला असता तर आज मिळवता झाला असता. — एक बाप»

दादा, नमस्कार.

साडेचार लाख, १५ हजार आणि २८ हजार हे आकडे तुम्ही मूळ पत्रात दोन-दोनदा लिहिलेत, एकदा तर खाली रेघ मारून. त्या अकरा हाऊसिंगचं मात्र एका ओळीत उरकलंत. मला विचाराल तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या अकरा नगांत आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

माप तुम्ही लिहिलं नाही. उदाहरणाला ६२०३ बेअरिंगचं घर धरू, म्हणजे ४० मिलिमीटरचं बोअर. ड्रॉइंगवर एच-७ असेल, म्हणजे माप किती इकडेतिकडे चालेल याची खूण, तर शून्यापासून अधिक २५ मायक्रॉनपर्यंत मुभा. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा जॉब मशिनवरून उतरला तेव्हा शॉपपेक्षा ३० अंशांनी गरम होता असं समजा. बीड तापलं की फुगतं. मीटरभर लांबीला दर अंशामागे साधारण साडेदहा मायक्रॉन, म्हणजे ४० मिलिमीटरला ३० अंशांत १२-१३ मायक्रॉन. अर्धी मुभा तिथेच खलास! पोरानं डायल गेज घातला, अधिक ५ दिसलं, ओके म्हणाला. पार्टीकडे पोचेपर्यंत जॉब गार झाला आणि बोअर उणे ७-८ वर आलं. मग बेअरिंग जाणार कसं?

तुमच्या सेटरला हे ठाऊक आहे. गरम जॉब मापायचा नाही, हे त्याला त्याच्या उस्तादानं बहुधा एक टपली मारूनच शिकवलं असेल. पण किती गरम असला तर किती फरक पडतो, अॅल्युमिनियमचा असता तर जवळजवळ दुप्पट का पडला असता, हे त्याला सांगता येणार नाही. त्याला त्याची गरजही पडलेली नाही. तुमच्या मुलाला हे सूत्र दुसऱ्या वर्षापासून पाठ आहे. त्यावर त्यानं मार्कही मिळवलेत. फक्त समोर ठेवलेला, तेलानं माखलेला, हाताला चटका देणारा तुकडा म्हणजेच परीक्षेतला तो ‘डेल्टा टी’, तापमानातला फरक, हे त्याला त्या दुपारी सुचलं नाही.

शिक्षण आणि रोजगार यांच्यामधली फट ती एवढीच. हा आळशीपणाही नाही आणि अक्कल कमी असल्याचं लक्षणही नाही. चार वर्षांत त्याला कुणी गरम जॉब हातात घ्यायला लावलेला नाही, इतकंच.

हे मी बाहेरून बोलत नाही. मी तीस वर्षं मेकॅनिकल शिकवलं. आमच्या वर्कशॉपमध्ये एका लेथभोवती वीस मुलं उभी असायची. पुढच्या तिघांच्या हाताला चाक लागायचं, मधल्यांना दिसायचं आणि मागची मुलं तेवढ्यात आदल्या बॅचच्या जर्नलवरून वाचनं उतरवून घ्यायची. मला ते दिसत होतं आणि मी सह्या करत होते. शेवटची नऊ वर्षं प्लेसमेंटचं काम माझ्याकडे होतं. कॉलेजच्या फाटकावर ‘१०० टक्के प्लेसमेंट’चा फलक लागायचा. त्यातले शंभर म्हणजे फॉर्म भरलेल्या आणि कॉलेजनं ‘पात्र’ ठरवलेल्या मुलांपैकी शंभर, शिवाय एकाच हुशार मुलीच्या तीन ऑफर तीनदा मोजलेल्या. फलकावरचे फोटो मी स्वतः चिकटवलेत. तुमच्यासारखे पालक तो फलक वाचून फी भरत होते, हे आज लिहिताना बरं वाटत नाही.

आता पगाराचं. तुमचा सेटर २८ हजार घेतो ते कितव्या वर्षी? तुम्ही लिहिलं नाहीत, पण सेटिंगला लागलेला माणूस दहा-बारा वर्षांचा तरी मुरलेला असतो. त्याला पहिल्या वर्षी तुम्ही काय देत होता ते वही काढून बघा आणि त्याच्याशी १५ हजारांची तुलना करा. शेंगा शेंगांशीच तोलायच्या. पंधरा हजार फार आहेत असं मी म्हणत नाही. कमीच आहेत आणि त्याला कारण आहे.

१९८३ साली वसंतदादांनी राज्यात विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली. तोवर मोजक्या सरकारी आणि अनुदानित कॉलेजांत नंबर लागला तरच इंजिनिअर व्हायचं, नाहीतर बंगळूर-हुबळीकडे देणगी मोजून जायचं. वसंतदादांच्या त्या एका निर्णयामुळे आपल्याकडची, खेड्यापाड्यातली किती मुलं इंजिनिअर झाली! मी त्या निर्णयाच्या बाजूचीच आहे. पण एका गल्लीत एक इंजिनिअर होता तेव्हा त्याच्या पदवीला जो भाव होता, तो गल्लीत अकरा झाल्यावर राहत नाही. कांद्याला लागू पडतं ते पदवीलाही पडतं.

हुपरीला कधी पैंजण घ्यायला गेला असाल. तिथं दोन गोष्टी वेगळ्या मोजतात. टंच, म्हणजे चांदी किती शुद्ध, आणि घडणावळ, म्हणजे कारागिराची मजुरी. पदवी हा टंच आहे. हा मुलगा चार वर्षं टिकला, गणितं सोडवली, सांगितलेलं वेळेत करून दिलं, एवढं तो शिक्का सांगतो. मायकेल स्पेन्स या अर्थशास्त्रज्ञानं १९७३ मध्ये मांडलेल्या सिद्धांताचा गाभा साधारण हाच आहे. नवखा उमेदवार आतून कसा आहे हे मालकाला कळत नाही, म्हणून तो पदवीकडे खूण म्हणून बघतो. २००१ च्या नोबेलमध्ये त्याचा वाटा होता. हुपरीच्या कारागिराला त्यात नवीन काही वाटलं नसतं. तर १५ हजार हा नुसत्या टंचाचा भाव आहे. घडणावळ अजून व्हायची आहे, आणि ती कॉलेजात होत नाही.

पाहुण्यांना सांगायला आणखी एक आकडा देते. केंद्र सरकारच्या २०२२-२३ च्या श्रमबल पाहणीत देशातला बेरोजगारीचा दर ३.२ टक्के होता. फक्त पदवीधरांचा काढला तर तो १३ टक्क्यांच्या वर जातो. म्हणजे शिकल्यामुळे माणूस बेकार होतो का? तसं नव्हे. ज्याच्या घरी चूल पेटायची भ्रांत आहे त्याला बेकार राहणं परवडत नाही, तो हमालीला जातो आणि पाहणीत ‘कामावर’ दिसतो. शिकलेला मुलगा थांबतो, कारण त्याला थांबवून धरणारा बाप आहे. अझीम प्रेमजी विद्यापीठाच्या २०२३ च्या अहवालात याचा पुढचा भाग दिसतो. पंचविशीच्या आतल्या पदवीधरांत बेरोजगारी ४० टक्क्यांच्या वर आणि पस्तिशी ओलांडलेल्यांत ५ टक्क्यांच्याही खाली. म्हणजे सगळे कुठे ना कुठे लागतात. कुठे लागतात आणि मधली दहा वर्षं कशी काढतात, काळजी करायची तर याची करा. तुमचा मुलगा त्या दहा वर्षांच्या पहिल्या पायरीवर आहे.

एमपीएससीकडे येते. इथे मी थोडी कडक बोलणार आहे, त्याला पत्र वाचायला दिलंत तरी चालेल.

राज्यसेवेच्या जागा शेकड्यांत निघतात आणि अर्ज लाखांत येतात, हे त्याला माहीत असणारच. २०२५ पासून मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली आहे, म्हणजे गोल काळे करून भागत नाही, पानंच्या पानं लिहावी लागतात. अभियांत्रिकी सेवेत स्थापत्यच्या मुलांना जागा बऱ्या निघतात, यांत्रिकीच्या वाट्याला थोड्या येतात. मेकॅनिकलच्या मुलांचा डोळा असतो तो सहायक मोटार वाहन निरीक्षकाच्या परीक्षेवर, पण तिची जाहिरात दर वर्षी येत नाही. वयाची अट खुल्या गटाला ३८, मागासवर्गीयांना ४३. या सवलतीचं मला कौतुक आहे आणि भीतीही आहे, कारण ३८ पर्यंत दार उघडं आहे म्हटल्यावर मुलं दारातच बसून राहतात. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत टेबल मिळतं, खोलीत कॉट मिळते, मेस लागते आणि दिवस भरल्यासारखे वाटतात. त्यात यशस्वी झालेली माझी विद्यार्थिनी आहे, आज चांगल्या हुद्द्यावर आहे. ती कॉलेजच्या दुसऱ्या वर्षापासून जिल्हा परिषदेच्या सभेच्या बातम्या कापून वहीत चिकटवायची. तिला ते कामच हवं होतं.

तुमच्या मुलाला अधिकारी व्हावंसं वाटतं ते कधीपासून? सेटरनं हसण्याच्या आधीपासून की नंतर? मला वाटतं हे तुम्ही विचारलेलं नाही. खरं सांगायचं तर तुमच्या दोन पानी पत्रात पोराला काय आवडतं याबद्दल एक शब्द नाही. इंजिनिअरिंगला तुम्ही घातलंत, शॉपवर तुम्ही बोलावलंत, आयटीआयला घालायला हवं होतं हेही तुम्हीच ठरवताय. त्याच्याशी बोला. शॉपमध्ये नको, गाडीवर मागं बसवून रंकाळ्यावर न्या आणि एक प्रश्न विचारून गप्प बसा. गप्प बसणं आपल्याकडच्या बापांना जमत नाही, तरी बघा.

आधीपासूनच ओढ होती असं उत्तर आलं, तर दोन परीक्षांपुरती मुदत घाला, तारीख लिहून. पण पुण्याला नको. इथं कोल्हापुरात अभ्यासिका आहेत, घरचं जेवण आहे आणि दिवसातले चार तास काहीतरी कमावता येतं. सेटर हसला म्हणून सुचलं असेल, तर तो पळ आहे, आणि पळून गेलेल्याला पुण्याचं भाडं पाठवू नका.

मग काय करायचं? माझं म्हणणं तुम्हाला आवडणार नाही. त्याला तुमच्या शॉपवर इतक्यात परत बोलावू नका.

तुमच्या शॉपवर तो मालकाचा मुलगा आहे. सेटर त्याला एकतर शिकवणार नाही किंवा चिडवणार, मधलं काही नाही. इतकी वर्षं राबलेल्या माणसासमोर उद्याचा मालक उभा केलाय तुम्ही, तोही गेज धरता न येणारा. तो हसला त्यात चेष्टा थोडी आणि धास्ती जास्त होती, असं मला वाटतं. चूक झाली की तुम्ही भरून काढता आणि घरी गेल्यावर पोरासाठी आई तुमच्याशी भांडते. अशा जागी कुणी शिकत नाही. आपल्या गावच्या जुन्या मेस्त्रींनी ऑइल इंजिनं उघडून उघडून हे उद्यमनगर उभं केलं, त्यांतले कित्येक जण दुसऱ्याच्या दुकानात झाडू मारून, मग पाना धरून वर आले. तुम्ही स्वतः कुठं शिकलात? बापाच्या शॉपवर नक्कीच नाही.

त्याला दुसऱ्याकडे पाठवा. शिकाऊ उमेदवारीचा कायदा १९६१ पासून आहे आणि तो फक्त आयटीआयवाल्यांसाठी आहे असा समज इथं सर्रास दिसतो. पदवीधरांनाही एक वर्षाची उमेदवारी करता येते. केंद्राची नॅट्स नावाची योजना आहे, तिच्या पोर्टलवर नाव नोंदवायचं. विद्यावेतन मिळतं, त्यातल्या किमान रकमेचा अर्धा भार केंद्र सरकार उचलतं, म्हणून कंपन्याही घ्यायला तयार असतात. पास होऊन फार दिवस गेलेले चालत नाहीत, तेव्हा यंदाच करा. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलची पंचतारांकित वसाहत, कुठंही चालेल, पण मशिन शॉप किंवा फाउंड्री असलेली जागा हवी. आधी एक गोष्ट विचारून घ्या, वर्षभर कुठल्या विभागात ठेवणार? काही ठिकाणी उमेदवार म्हणून घेतात आणि बारा महिने पॅकिंगला उभं करतात. क्वालिटी किंवा मेथड्स (काम कसं करायचं ते ठरवणारा विभाग) मिळालं तर डोळे झाकून हो म्हणा. ती १५ हजारांची ऑफर अजून जिवंत असेल आणि काम क्वालिटीचं असेल, तर तीच घ्या, उमेदवारीच्या मागं लागू नका. पाहुण्यांना पॅकेज सांगायची गरज नाही. ‘शिरोलीला क्वालिटीत आहे’ एवढं सांगितलं की लग्नाच्या बाजारात पुरतं.

वर्षानं तो परत आला, तर त्याला लेथवर उभा करू नका. सेटरचं काम सेटर करतोय. तुमच्या शॉपवर जे कुणालाच येत नाही ते त्याचं काम. तुम्ही भाव कसा काढता? ड्रॉइंग बघून, अंदाजानं, मागच्या जॉबला काय घेतलं ते आठवून. त्यात किती जॉबवर तुम्ही तोट्यात गेलात हे तुम्हाला तरी माहीत आहे का? मोठी पार्टी तपासणी अहवाल मागते, कंट्रोल प्लॅन, म्हणजे काय कधी तपासायचं याचा आराखडा, मागते, तेव्हा तुम्ही बाहेरच्या माणसाला पैसे देऊन कागद करून घेता आणि पुढच्या ऑर्डरला ती पार्टी दुसरीकडे जाते. मी बघितलेली निम्मी जॉबवर्कची शॉपं इथंच अडकलेली आहेत. मशिन आहे, हात आहे, कागद नाही. साडेचार लाख तिथं वसूल होतील, पहिल्या पगाराच्या चिठ्ठीत नाही.

आयटीआयला घातला असता तर? त्याला आवड असती तर चांगलंच झालं असतं. आयटीआय काही कमी नाही, पण ती चुकलेल्यांची जागा आहे असं तुमच्याच घरात बोललं गेलं असणार, आणि आता अठ्ठावीस हजार बघून तीच बरी वाटायला लागली. पोरानं कुठल्या बोलण्यावर विश्वास ठेवायचा?

जाता जाता, शाहू महाराजांचं नाव आपण शिक्षणासाठी घेतो, पण सालं नीट लावून बघा. १९०१ ला वसतिगृह, १९०२ ला दरबारच्या नोकऱ्यांत मागासलेल्यांना निम्म्या जागा, १९०६ ला कापडाची गिरणी आणि सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण त्यानंतर, १९१७ ला. शिकून जायचं कुठं याची सोय त्यांनी आधी लावायला घेतली होती. आपण गेली चाळीस वर्षं कॉलेजं काढली आणि दुसरं टोक पोरांवर सोडून दिलं. त्याचा राग तुमच्या मुलावर निघू नये.

आता ते अकरा नग. पार्टीला फोन करून चूक आपली म्हणून सांगा. माल वाया गेलेला नाही, बोअर लहान आहे, मोठं करता येईल. पुन्हा मशिनवर लावाल तेव्हा मुलाला एक दिवस बोलवा, फक्त त्या कामासाठी. सेटरला आदल्या दिवशी बाजूला घेऊन सांगा की उद्या हसायचं नाही. पहिला नग उतरला की त्यानं लगेच मापावा, आकडा खडूनं हाऊसिंगवर लिहावा, तासाभरानं पुन्हा मापावा आणि तो आकडाही शेजारी लिहावा. फरक किती यायला हवा हे त्याला आधी कागदावर काढू दे, सेटरला बघू दे.

दुपारी नको, पत्रा तापतो. सकाळी साडेसातला लावा.